टॅगची मागची बाजू

भाऊ,

तुम्ही लावलेला टॅग मी काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तरी तुम्ही मध्ये न बोलता ऐकाल. एकटीने काढला नाही, नियमाप्रमाणे दोन सह्या करून काढला. आणि काढायच्या आधी मी तुमचा तो नेटचा डबा मारला होता, तेही कबूल करते. चारांपैकी तीन दिवे गेले होते आणि चौथा नुसता आचके देत होता.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. जलदानाच्या कार्यक्रमात लोक पुष्कळ बोलले. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातली नोकरी, रिटायर झाल्यावर चंद्रपुरात घर न बांधता जंगलातल्या या गावात परत येणं, विहाराच्या मागच्या खोलीत पोरींसाठी काढलेली अभ्यासिका, सगळं आलं. तुम्ही किती चिडके होता हे मात्र कोणी काढलं नाही. मेलेला माणूस एका दिवसात इतका गोड कसा होतो, मला कळत नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. अंगणवाडीची बाई, दिवसभर हिचं तोंड चालतं, हिला काय अवघड, असं त्यांना वाटलं असेल. मी उठलेच नाही. तुमचं-माझं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि अर्धवट भांडणावर उभं राहून चांगलं बोलता येत नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा वहिनी चटणी वाटायला मिक्सर लावत होत्या. बटणावर बोट ठेवून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मानसं बाजूले?" आणि तुम्ही ओसरीतून, पेपरातून डोकं वर न काढता ओरडलात, "बाजूले!" मग मिक्सर सुरू झाला. मला वाटलं, ही नवरा-बायको जरा सटकलेली आहेत. नंतर कळलं की ती तुमच्या प्लांटची रीत. यंत्राला वीज देणाऱ्याने आधी विचारायचं, माणसं बाजूला झाली का, आणि काम करणाऱ्याने उत्तर दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नोकरी सुटली, क्वार्टर सुटलं, पण ही रीत तुम्ही ट्रकमध्ये पलंग-कपाटाबरोबर भरून आणलीत.

लाल टॅगही, यंत्रात माणूस काम करत असताना खटक्याला बांधायचे ते, त्याच ट्रकमधून आले असावेत. पुठ्ठ्याचे, वर भोक पाडलेले, भोकातून सुतळी ओवलेली. मोटरच्या खटक्याला टॅग, मीटरच्या पेटीला टॅग. वहिनींनी लोणचं मुरत घातलं तर त्या बरणीलाही तुम्ही एकदा टॅग बांधला होता आणि तुमच्या भाच्याने ती बरणी खरंच महिनाभर उघडली नव्हती. "टॅग दिसला का आत मानूस हाय असं धराचं," तुम्ही सांगायचा. "दिसो का न दिसो. हाय, असंच धराचं. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं हातही नाई लावाचा." हे तुम्ही इतक्यांदा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की गावातलं शेंबडं पोरही लाल पुठ्ठा दिसला की चार हात लांबून जायचं.

अभ्यासिकेतल्या राउटरला तुम्ही टॅग बांधलात तो दिवस मला चांगला आठवतो. आपल्या गावात मोबाइलला रेंज नाही, ती आजही नाही. नाल्यापलीकडच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत तारेचं नेट आलं आणि तिथेच थांबलं. मधे चार किलोमीटर जंगल. तुम्ही म्हणालात, आपल्या पाण्याच्या टाकीवरून त्या गावची टाकी दिसते, म्हणजे रस्ता मोकळा आहे. तुमच्या घरातला जुना राउटर तुम्ही उघडून बसलात. कंपनीने त्यात भरून दिलेला प्रोग्राम फक्त घरातल्या घरात नेट फिरवायचा. तुम्ही तो पुसून दुसरा भरलात, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, ज्याला तुम्ही फर्मवेअर म्हणायचा. वय वर्षं साठाच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तुम्ही त्या डब्याला त्याच्या मालकाने कधी स्वप्नातही न पाहिलेलं काम शिकवत होता.

मग टाकीवर चढून तुम्ही जाळीची अँटेना एक-एक बोट फिरवत होता आणि मी खाली लॅपटॉप घेऊन सिग्नलचा आकडा ओरडत होते.

"किती?"

"उणे नव्वद!"

"आता?"

"उणे एक्क्याऐंशी! भाऊ, उतरा, कमी होऊन राह्यलं!"

"अव बाई, उणे कमी होनं म्हनजे वाढनं!"

टाकीखाली जमलेलं सगळं गाव हसलं. मी चिडले. पण त्याच दुपारी अभ्यासिकेत पहिलं पान उघडलं, आणि चिडणं विसरून मी त्या काळ्या डब्याकडे बघत राहिले. चार किलोमीटर जंगल, त्यात मोह, तेंदू, अस्वलं, कधीमधी वाघ, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून काहीतरी येत होतं जे कोणालाच दिसत नव्हतं. तुम्ही खिशातून लाल टॅग काढून डब्याला बांधलात आणि चहा मागितलात.

त्यानंतर तुम्ही मला शिकवायचं मनावर घेतलंत. मी आढेवेढे घेत ऐकायचे. डब्याच्या पोटात दोन थर असतात, तुम्ही सांगितलंत. वरचा मोठा, तो सगळं काम करतो. त्याच्याखाली एक बारका थर असतो, कारखान्यातून आलेला, जो कोणी पुसायचा नाही. वीज आली की आधी तो उठतो. तीन-चार सेकंद कान देतो, कोणाला काही द्यायचं आहे का म्हणून. कोणी बोललं नाही की वरच्याला उठवतो आणि आपण गप्प होतो.

"म्हनजे कोतवालच झाला," मी म्हटलं. "पाटील झोपला तरी कोतवाल आधी उठते."

"कोतवाल काय, बूटलोडर म्हन. शिकाचं तं नीट शिक."

"मी कोतवालच म्हनीन."

तुम्ही रागावलात. अर्धा तास बूटलोडर या शब्दावर भाषण झालं. त्यानंतरही मी कोतवालच म्हणत राहिले आणि तुम्ही प्रत्येक वेळी दुरुस्त करत राहिलात. तुमच्याकडून एवढी एक गंमत मला फुकटात मिळत होती, मी कशाला सोडते.

खरं भांडण वेगळं होतं. ते उन्हाळ्यात झालं. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या या जादूच्या डब्यापेक्षा दुकानातला साधा डबा बरा. तो बिघडला तं दुसरा आनता येते. हा बिघडला तं तुमालेच आना लागते."

"मंग तू शिक ना."

"मले नाई येत."

"येत नाई का शिकाचं नाई?"

मला झोंबलं. मी म्हटलं, "आन् तुमी नसान तवा तो टॅग कोन काढन? तुमचा नेम हाय ना, लावनाऱ्यानंच काढाचा?"

तुम्ही नुसते हसलात, तेही त्या डब्याकडे बघून. मी तणतणत निघून गेले. पुढे आपण बोललो, रोजच बोललो, पोषण आहाराबद्दल, पावसाबद्दल, कोणाच्या लग्नातल्या अळणी वरणाबद्दल. पण तो प्रश्न तिथेच लटकत राहिला. तुम्ही जाल असं माझ्या डोक्यातही नव्हतं, भाऊ. नुसतं बोलण्यात जिंकायचं होतं.

आता माझ्या चुकीचं सांगते.

तुम्ही गेल्यानंतर आठवड्याने झड लागली. नाला चढला आणि गाव तुटलं. दरवर्षीसारखंच, त्यात नवल नाही. पण अभ्यासिकेतल्या पौर्णिमाच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म राहिला होता. तुम्हाला माहीतच आहे, गेल्या वर्षी तिचा एक दाखला वेळेत आला नाही आणि वर्ष गेलं. या वर्षी दाखले, फोटो, गुणपत्रिका सगळं तयार, आणि शेवटची तारीख गुरुवार. घरच्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, यंदा नाही झालं तर सोयरीक पाहू. तालुक्याला जाऊन भरावा तर नाल्यावर पुरुषभर पाणी. राहिली ती अभ्यासिका.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी बसलो. नेट होतं पण अर्धमेलं. फोटो चढता चढता अडकायचा. मी डबा बंद करून चालू केला, दोनदा केला, तेच. पौर्णिमा ओढणीचं टोक पिळत राहिली. आणि मला आठवलं, तुम्ही तुमच्या घरी दुसऱ्या एका जुन्या डब्यावर तीस-तीस-तीस करताना मी मोजायला बसले होते. रिसेटच्या भोकात टाचणी दाबून तीस मोजायचे, दाबलेलीच ठेवून वीज काढून तीस, पुन्हा वीज देऊन तीस. तो डबा टुणटुणीत झाला होता.

भाऊ, मी टॅगला हात लावला नाही. शपथ. तो डब्याच्या तोंडावर लटकत होता आणि भोक मागच्या अंगाला होतं. बांगडीतली सेफ्टी पिन काढून, टॅग हलणारही नाही अशा बेताने मी हात मागून घातला. पौर्णिमालाही दटावलं, "टॅगले धक्का नोको लागू देऊ." आम्ही दोघींनी मिळून तीस-तीस-तीस मोजले, अगदी मनापासून, प्रार्थना म्हटल्यासारखे. तुमच्या नियमाचं इतकं काटेकोर पालन करून मी तुमचा डबा ठार केला.

एका डब्याचं औषध दुसऱ्याला चालत नाही, हे तुम्ही सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

दिवे गेले. एकच लुकलुकत राहिला. लॅपटॉप म्हणे, इथे काहीच नाही. पौर्णिमाने विचारलं, "बाई, मेला का?" मी तिला घरी पाठवलं आणि विहाराच्या पायरीवर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा बाकीच्या बाया रडल्या, मी तोवर रडले नव्हते. आता रडले, आणि खरं सांगू, तुमच्यासाठी रडत होते की पौर्णिमासाठी, मला कळलं नाही. वहिनींना काय तोंड दाखवू हाही प्रश्न होताच. त्यांच्या नवऱ्याचं गावात एवढं एकच चालतं-बोलतं उरलं होतं.

शेवटी डबा भिंतीवरून काढावा म्हणून खिळ्यावरून उचलला. तो कलला, आणि टॅग उलटा झाला.

तीन वर्षं तो टॅग तिथे होता. वीस पोरी रोज त्याच्यासमोर बसायच्या. एकीनेही, मीही, तो उलटून पाहिला नव्हता, कारण हात लावायचा नाही असं तुम्ही सांगितलं होतं. आणि तुम्ही, शहाणे, सगळं त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं! भाऊ, या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

निळ्या बॉलपेनने, मोठ्या अक्षरात, अंगणवाडीच्या पोरांना लिहून देतात तसं. पहिलीच ओळ होती: "डबा मेला असं वाटलं तरी कोतवाल जिवंत असतो. त्याला हाक मार."

कोतवाल.

बूटलोडर नाही. तुम्ही कोतवाल लिहिलं होतं. हा शब्द गावात कोण वापरत होतं, भाऊ? एकटी मीच ना? कोणासाठी लिहिलंत ते वर कुठेच नव्हतं, आणि गरजही नव्हती. मी डबा हातात धरून तिथेच ती ओळ परत परत वाचली. पाऊस आत येत होता तरी हलले नाही.

खाली कृती होती. लॅपटॉपला कोणता पत्ता द्यायचा. पिवळी वायर कोणत्या भोकात घालायची आणि कोणत्या भोकात घालायची नाही. फर्मवेअरची फाईल लॅपटॉपवर कुठे आहे. काळ्या पडद्यावर टाइप करून हाक मारत राहायचं, आणि डब्याला वीज दिल्याबरोबर उत्तराच्या शेवटी शंभर हा आकडा आला तर समजायचं, कोतवाल बोलला. त्याच क्षणी फाईल पाठवायची. मग: "पाच मिनिटं हात मांडीवर. दिवे काहीही करोत, हात मांडीवर."

अगदी तळाशी: "लावणारा नसेल तर टॅग दोघांनी मिळून काढावा. दोघांच्या सह्या." पहिल्या सहीच्या जागी वाकड्या अक्षरात "शांता" होतं, म्हणजे वहिनी. दुसरी जागा कोरी.

म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या हसण्यात उत्तर होतं तर. माझ्या नाकासमोर टांगलेलं.

बुधवारी सकाळपासून मी बसले. पहिल्याच खेपेला हाक मारली, वीज दिली, आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. शेवटी शंभर. शंभर. मग पुन्हा शांत. मी खुर्चीत मागे सरकले. अंगावर काटा आला, नुसतं म्हणायला नाही, खरंच आला. सगळे म्हणतील मेला, दिवे म्हणतील मेला, आणि आत कोणीतरी एवढंसं, उठून, तीन सेकंद कान देऊन बसलेलं. कोणी हाक मारो न मारो, प्रत्येक वेळी उठतं. मी त्या डब्याला हात जोडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हात काऊन जोडते, फाईल पाठव." आणि बरोबरच होतं, कारण मी हात जोडत बसले तेवढ्यात ते तीन सेकंद निघून गेले.

मग सुरू झाली झटापट. खटका भिंतीवर, लॅपटॉप टेबलावर. खटका दाबून वळेपर्यंत उशीर. वायर लांब ओढून खटका पायाशी घेतला, तर एंटर लवकर दाबलं जाई. दहा खेपा झाल्या, बारा झाल्या. पौर्णिमाला खटक्याशी उभं केलं, पण तिची हाक ऐकून एंटर दाबेपर्यंत कधी लवकर होई, कधी उशीर. दुपार झाली. तेवढ्यात वहिनी विहार झाडायला आल्या.

मी लॅपटॉप झाकायला गेले. त्यांनी दारातूनच विचारलं, "काय करून राह्यली, रेखा?"

खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "वहिनी, भाऊचा डबा माह्या हातानं मेला."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. डब्याकडे पाहिलं, पायाशी पडलेल्या खटक्याच्या बोर्डाकडे पाहिलं. "मंग एकटी काऊन करते? हे एकट्याचं काम हाय का?" आणि माझ्या मागे स्टूल ओढून बसल्या. बोर्ड मांडीवर घेतला. "मले दे. यायच्या संगं, तुह्या भाऊच्या संगं, म्याच करत होती."

"तुमी?"

"मंग कोन? घरी किती डबे असे मेले आन् उठले. यायचं ध्यान त्या पडद्यावर. वीज मी देत होती. बारका दिवा दुसऱ्यांदा मिचकला का पाठीवर थाप मारत होती. थाप पडली का तुहे भाऊ बटन दाबत. मले पडद्यातलं काई समजत नाई बाई. दिवा समजते."

भाऊ, मी तीन वर्षं या बाईच्या हातचा चहा प्यायले. तुम्ही आत डब्याशी झगडत असायचा आणि त्या तुमच्या मागे स्टुलावर बसलेल्या असायच्या, हे मी पाहिलंही होतं. मला वाटायचं, बिचारी नवऱ्याला सोबत करते. तुमची सगळी विद्या त्या थापेवर चालत होती हे मला कधी दिसलं नाही. तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. की तुमच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती?

त्यांनी वीज दिली. मी पडद्याकडे बघत बसले, बोट एंटरवर. एक श्वास गेला. मग पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, थाप पडली. फार जोराची नाही. पीठ मळून झाल्यावर गोळ्यावर मारतात तेवढी.

मी एंटर दाबलं. पडद्यावर आकडे धावायला लागले.

"गेलं?" पौर्णिमाने विचारलं.

"हात मांडीवर," वहिनी म्हणाल्या. आम्ही तिघी मांडीवर हात ठेवून बसलो. दिवे एकदम लागले, सगळे विझले, मग एक लागला. पौर्णिमाचा हात उठला, वहिनींनी तो धरून परत तिच्या मांडीवर ठेवला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. त्या खोलीत तुम्ही होता असं मी म्हणणार नाही, तुम्हाला असलं बोलणं आवडत नसे. पण तुम्ही ठरवून दिलेल्या जागी आम्ही प्रत्येकजण बसलेलो होतो.

मग चारही दिवे लागले आणि लागलेलेच राहिले.

तुमची सेटिंगची फाईल परत भरली. टाकीवरच्या अँटेनाला पलीकडचं गाव सापडलं. उणे एक्क्याऐंशी, तोच आकडा. पौर्णिमाचा फोटो चढला, दाखले चढले, आणि तारखेच्या एक दिवस आधी, दिवेलागणीला, तिचा अर्ज गेला. प्रिंटर नाही, म्हणून अर्जाचा नंबर तिने आधी तळहातावर लिहिला, मग वहीत. मग तो हात पावसात भिजू नये म्हणून ओढणीत गुंडाळून घरी गेली.

ती गेल्यावर मी वहिनींना टॅगची मागची बाजू दाखवली. त्यांनी आपल्या सहीवरून बोट फिरवलं. "मले म्हने, इथी सही कर. मी केली. काऊन म्हनून विचारलं नाई." मग मला म्हणाल्या, "तू कर तुही."

मी पेन घेतलं आणि थांबले. तुम्हीच शिकवलं होतं, टॅग आहे म्हणजे आत माणूस आहे असं धरायचं. तुम्ही गेल्यापासून मी तेच धरून होते. म्हणून तर मागून हात घातला, भाऊ, आता कळतं. टॅग काढला तर आत कोणी नाही हे कबूल करावं लागलं असतं. वहिनींनी टॅग माझ्यापुढे सपाट धरला. मी सही केली. सुतळीची गाठ पावसाळी हवेने घट्ट झाली होती, ती दोघींनी मिळून सोडवली.

आता तिथे नवा टॅग आहे. मागची बाजू मी लिहिली आहे, तुमच्याच शब्दांत, वर थापेची एक ओळ घालून, कारण ती तुम्ही लिहायची विसरला होता. एक सही माझी आहे. आणि नियम बदलला आहे, तो तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे. अभ्यासिकेत नवी येणारी प्रत्येक पोरगी तो टॅग आधी हातात घेते, उलटते आणि मोठ्याने वाचते. पुढच्या वेळी माझ्या पाठीवर थाप मारायला कोण बसेल ते ठरायचं आहे. बहुतेक वहिनीच. नालाही कालपासून उतरायला लागलाय.

तर शिकायचं नाही असं नव्हतं, भाऊ. येणार नाही याची भीती होती. उन्हाळ्यातल्या प्रश्नाचं हे माझं उत्तर, उशिरा का होईना.

एक गोष्ट मात्र मघाशी मी मुद्दाम गाळली. वहिनींनी वीज दिली असं लिहिलं ना, ती लगेच दिली नव्हती. बोर्ड मांडीवर घेतला, बोट खटक्यावर ठेवलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मोठ्याने विचारलं, "मानसं बाजूले?"

उत्तर द्यायचं काम माझं होतं. काम करणारी मी होते. पण ते उत्तर आजवर तुम्हीच देत आला होता. पौर्णिमा माझ्याकडे बघत होती. वहिनी थांबल्या, ओसरीकडून आवाज यायची वाट बघावी तशा थांबल्या.

मग त्यांनीच हळू आवाजात म्हटलं, "झाले ते बाजूले," आणि खटका दाबला.